चवथीची कापणी आणि डिसेंबरची फुले: गोव्यातल्या गृहनिर्माण संस्थांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातल्या गृहनिर्माण संस्थांचे चेअरमन, सेक्रेटरी आणि व्यवस्थापन समित्या,
आणि ज्या वसाहतीत संस्था अजून व्हायची आहे तिथले बिल्डर.

विषय: वसाहतीच्या सामाईक रानवट जागेतली परकी तणे, येत्या पावसातले काम आणि त्याचे कंत्राट.

सप्रेम नमस्कार,

मृग दारात आला आहे, आणि तुमच्यातल्या बहुतेकांच्या फायलीत 'रान साफ करणे' हे काम अजून ऑगस्टच्या खात्यावर आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पाहुणे यायचे, तेव्हा वाटा, कंपाउंड आणि इमारतीमागची टेकडी नीट दिसावी, हे समजण्यासारखे आहे. चार माणसे ग्रासकटर घेऊन येतात, दोन दिवसांत सगळे घोट्याएवढे करतात, बिल लावतात आणि जातात. दिवाळीपर्यंत त्याच जागी रानमोडी पुन्हा कमरेला लागते, डिसेंबरात फुलते आणि फेब्रुवारीत तिचे बी साऱ्या वसाहतीवर उडते. पुढच्या वर्षी कंत्राटदार दर वाढवतो आणि त्याचेही चुकत नाही, रान खरेच वाढलेले असते. हे पत्र मुख्यतः त्या तारखेबद्दल आहे. काम ऑगस्टातून जूनमध्ये आणा, एका फेरीच्या तीन फेऱ्या करा, आणि कापण्याच्या जागी उपटणे लिहा.

आधी रानमोडी, कारण पर्वरी, बांबोळी, वेर्णा अशा सड्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारांच्या, कडेने उठलेल्या वसाहतींत निम्मा त्रास तिचाच असतो. ओळख सोपी आहे. समोरासमोर जोडीने येणारी त्रिकोणी, दातेरी पाने. पानाच्या देठापासून थोडे वर त्रिशूळासारख्या फुटलेल्या तीन शिरा. चुरगळले तर उग्र वास. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. मोकळ्यावर माणसापेक्षा उंच होते, आणि आधाराला झाड मिळाले तर त्यावर चढूनही जाते. गुरे तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात तिच्या वाळलेल्या काड्या म्हणजे नुसते सरपण.

कापून ती का मरत नाही? तिचे डोळे खोडाच्या तळाशी, जमिनीच्या पातळीवरच्या गाठीत असतात. वरचा एक फांदा छाटला की खालून चार-पाच फुटतात. ऑगस्टात जमिनीत ओल भरपूर असते, पुढे दीड-दोन महिने पाऊस असतो आणि शेजारचे गवतही तुम्हीच कापून तिला ऊन मोकळे करून दिलेले असते. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते, म्हणजे चवथीची कापणी नेमकी तिला फांद्या वाढवायला वेळ देऊन जाते. वाटेच्या दोन्ही बाजूंचा मीटरभर पट्टा चवथीला जरूर कापा, त्याला आमची हरकत नाही. बाकीच्या रानाला त्या वेळी यंत्र लावू नका.

उपटायचे कधी, तर सलग तीन-चार दिवस चांगला पाऊस पडून गेल्यावर. एप्रिलमध्ये आपली जांभ्याची माती पारईलाही दाद देत नाही आणि झुडूप मुळाच्या वर तुटते. तेव्हा केलेली मेहनत म्हणजे कापणीच. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तीच माती हातांना सोडते. गुडघ्यापर्यंतचे रोप हाताने निघते, मात्र धरायचे ते अगदी मातीलगत. मध्ये धरले की दांडा तुटून हातात येतो आणि गाठ खाली राहते. जुन्या झुडपाचे दांडे कोयत्याने गुडघ्याच्या उंचीवर तोडावेत, म्हणजे धरायला मूठ राहते. मग पिकासाचे पाते गाठीखाली घालून उचकावे. गाठ निघाली की बारीक मुळे जमिनीत राहिली तरी बिघडत नाही. गाठ राहिली तर सगळे काम वाया.

इथेच एक चूक हमखास होते. उपटलेले झुडूप तिथेच ओल्या मातीवर टाकले जाते, वर पाऊस चालू असतो, आणि आठ-दहा दिवसांत ते पुन्हा मूळ धरते. माती झटकून मुळे वर करून ते गडग्यावर (दगडी कुंपणावर), कातळावर किंवा दुसऱ्या झुडपाच्या बेचक्यात टाकावे. फुलापूर्वीचे असेल तर वाळल्यावर तेच आच्छादन म्हणून झाडांच्या बुडाशी घालता येते, कुजून त्याचे चांगले खत होते.

उतार असेल तर हात आवरा. जूनच्या पावसात टेकडीची संपूर्ण बाजू उपटून उघडी केली तर माती खालच्या गटारात येते आणि पार्किंगमध्ये लाल चिखल उभा राहतो. उताराला आडवे, साधारण दोन-दोन मीटरचे पट्टे आखा. एक उपटा, पुढचा गुडघ्याएवढा कापून तसाच ठेवा, राहिलेले पुढच्या वर्षी घ्या. उपटलेल्या झुडपांचे बांध उताराला आडवे घातले की वाहणारी माती त्यांना अडते. जिथे पाय ठरत नाही इतका उभा चढ आहे तिथे उपटण्याचा हट्ट धरू नये. तिथे दर सहा आठवड्यांनी अगदी जमिनीलगत कापत राहावे; दोन-तीन पावसाळ्यांत गाठीतला साठा संपत जातो. काम कंटाळवाणे आहे, पण दरड सावरण्यापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी फेरी सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जमीन अजून ओली असते, कळ्या आलेल्या नसतात आणि जूनमध्ये रुजलेली नवी रोपे ओळखू येण्याइतकी वाढलेली असतात. ही फेरी टाळणाऱ्या संस्था पहिल्या फेरीचे पैसे फुकट घालवतात, कारण उघड्या झालेल्या जमिनीवर बियांतून पुन्हा गालिचा उगवलेला असतो. तिसरी फेरी नोव्हेंबरच्या शेवटी, आणि ती फक्त फुलांसाठी. एक माणूस, एक कात्री, एक गोणपाट. फिकट जांभळे-पांढरे गुच्छ दिसतील तिथे ते आधी कापून गोणीत घालायचे, मग झुडपाला हात लावायचा. जानेवारीनंतर बी पिकून कापसासारखे उडू लागले की त्याला हलवू नका. त्या दिवसांत झुडपे ओढत गेटपर्यंत नेणे म्हणजे पेरणी करत जाणे. कामगारांच्या कपड्यांना, ग्रासकटरच्या जाळीला आणि टेंपोच्या फळीला चिकटून बी पुढच्या वसाहतीत जाते. बहुतेक बी पहिल्या पावसात रुजते, थोडे मागे राहते. म्हणून तीन वर्षे नेटाने केले तर चौथ्या वर्षी काम एका माणसाच्या चार दिवसांवर येते. एक वर्ष चुकवले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

जाळणे हा उपाय नाही. आग वरचे काड जाळते, गाठ जिवंत राहते, आणि मोकळ्या झालेल्या राखेत येत्या जूनमध्ये सगळ्यात आधी रानमोडीच रुजते. शिवाय सड्यावरच्या वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि इतरत्र लागलेले वणवे कोणी विसरलेले नसेल.

घाणेरीचे, म्हणजे टणटणीचे, तंत्र वेगळे आहे. तिला संपूर्ण मुळासकट ओढायला गेले की माती फार उकरली जाते आणि त्याच उकरलेल्या जागी तिचे पडलेले बी रुजते. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत इथेही नीट चालते. झुडपाच्या बुडाशी माती थोडी सारून सोटमूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचे, झुडूप उचलायचे आणि तसेच उलटे, मुळे आकाशाकडे करून ठेवायचे. बुलबुलांना तिची काळी फळे आवडतात. म्हणून नवी रोपे बघायची ती विजेच्या तारांखाली, कुंपणाच्या खांबांलगत आणि पक्षी बसतात त्या झाडांखाली. सगळे रान पिंजायची गरज नाही. वसाहतीत मोकळी गुरे येत असतील तर कापलेली घाणेरी त्यांच्या वाटेवर टाकू नका. ती खाल्लेल्या गुराच्या यकृताला इजा होते आणि उन्हात कातडी सोलवटते.

आता आपणच पैसे देऊन आणलेल्या तणाबद्दल. गेटजवळच्या उतारावर पिवळ्या फुलांचा, गुळगुळीत हिरव्या पानांचा जो गालिचा कंत्राटदाराने 'पाणी लागत नाही, माती धरते' म्हणून लावला, तो नर्सऱ्यांच्या भाषेत वेडेलिया. खरे आहे, पाणी लागत नाही आणि माती धरते. पण प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटते, तो गटारातून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरतो आणि व्हाळाकाठचे दुसरे काहीही उगवू देत नाही. तिथे ग्रासकटर चालवणे ही सगळ्यात वाईट गोष्ट, कारण पात्याने उडवलेला प्रत्येक तुकडा नवे रोप आहे. फावड्याने साधारण ६० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या पाडा, कडेपासून सुरुवात करून चटईसारखी गुंडाळत आत जा, आणि खाली १०-१५ सेंटिमीटरपर्यंत काटा घालून राहिलेली मुळे वेचा. निघालेला माल कंपोस्टात टाकू नका, गटारात तर नकोच. काळ्या प्लॅस्टिकवर उन्हात कुरकुरीत होईपर्यंत पसरावा लागतो, म्हणूनच हे एक काम आम्ही पावसाळ्यानंतरसाठी सुचवतो. दर तीन आठवड्यांनी त्या जागेवर नजर टाकली नाही तर चार पेरे पुरतात.

वसाहतीत जुनी तळी असेल, किंवा एखादा व्हाळ बांध घालून अडवलेला असेल, तर पाण्यावर काय तरंगते ते नीट बघून घ्या. जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची ती जलपर्णी. बारीक, दुमडलेल्या, वर केसाळ पानांची ती साल्विनिया. साल्विनिया बी धरतच नाही. तिचा सगळा पसारा तुकड्यांतून होतो, म्हणजे तळीतून ती पूर्ण काढता येते, फक्त एक बोटभर तुकडाही मागे ठेवायचा नाही. जलपर्णीचे बी मात्र गाळात कित्येक वर्षे तग धरते, तिथे पहारा कायमचा. काढताना वाऱ्याचा फायदा घ्या. वारा चटई ज्या काठाला लोटतो तिथे उभे राहा, बांबू किंवा बंद तोंडाचे पीव्हीसी पाइप बांधून तरंगता दोर करा आणि दोन माणसांनी तो काठाकडे ओढत आणावा. मागून बारीक जाळीने सुटे तुकडे टिपावेत. काढलेले काठापासून इतके दूर टाकावे की पावसाचे पाणी ते परत आत आणणार नाही. हे पावसाआधी, म्हणजे आत्ताच करायचे, कारण तळी एकदा भरून वाहू लागली की तुमचे तण खालच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, पोचते आणि तिथल्या शेतकऱ्यांचा राग रास्त असतो. दोन ट्रक भरून काढले आणि तीन महिन्यांत पुन्हा पाणी झाकले गेले, तर आधी सांडपाण्याची टाकी कुठे पाझरते ते शोधा. तण त्या खतावरच वाढते. डासांचेही तेच: मॅन्सोनिया जातीच्या अळ्या पाण्यातल्या झाडांच्या मुळांना टोचून श्वास घेतात, त्यामुळे वरून केलेली फवारणी त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही.

तळीच्या वर टेकडीवर आकेशिया असतोच. एकेकाळी सामाजिक वनीकरणात आणि खाणींच्या मातीच्या ढिगांवर तो हौसेने लावला गेला. आज त्याची रोपे लावल्यावाचून येतात. मीटरभराच्या आतली रोपे पावसात उपटा. सुबाभळीचेही तेच, पण ती कापल्यावर जोमाने फुटते आणि तिचे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते, तेव्हा शेंगा पिकण्याआधी हात घाला. मोठ्या झाडाला कोयता लावण्याआधी थांबा. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड परके आहे एवढ्याने ती माफ होत नाही. परवानगी मिळाली तरी सगळे एका वर्षात पाडू नका. रानमोडी सावलीत जगते पण माजत नाही, आणि आकेशियाचे छत्र एकदम उघडले की खाली काय उठेल ते सांगायला नको.

तणनाशकाचा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. ग्लायफोसेट पानांतून शोषले जाऊन मुळापर्यंत जायला फवारणीनंतर निदान सहा तास कोरडे लागतात. जून ते सप्टेंबर गोव्यात असे सहा तास कोण हमीने देणार? मार्च-एप्रिलमध्ये कोरडे दिवस आहेत, पण तेव्हा पाने धुळीने माखलेली आणि झाड तहानलेले, ते औषध घेत नाही. उरतो ऑक्टोबर, आणि तेव्हा हाताने काम होते. त्यातून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढलेला आहे. माळ्याच्या हातात पंप देऊन संस्था स्वतःला अडचणीत आणते. या औषधांच्या काही मिश्रणांतला साबणी घटक बेडकांना मारक असतो. विहीर, तळी किंवा व्हाळ जवळ असेल तिथे आमचे उत्तर साफ नाही असे आहे. आणि मोबाइलवर फिरणारे मीठ-व्हिनेगर-साबणाचे पाणी तर मुळीच नको. व्हिनेगर पाने करपवते, गाठ तशीच राहते, आणि मीठ मात्र मातीत मुरते.

जेसीबीबद्दलही. अर्ध्या दिवसात जागा 'क्लीन' होते, पण सड्यावर माती आधीच वीतभर असते, बादलीबरोबर तीच जाते. गवत काढण्याच्या नावाखाली उतार सपाट झाला तर ते विनापरवाना टेकडी कापायला मनाई करणाऱ्या, नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या १७ अ कलमाच्या हद्दीत येते, हेही सेक्रेटरींनी लक्षात ठेवावे. नव्या बागेसाठी आणलेल्या लाल मातीच्या ट्रकातून गाजर गवत आणि वेडेलियाचे पेरे घरपोच येतात. भराव टाकायचाच असेल तर तो कोपऱ्यात वेगळा ठेवून एक पाऊस त्यावर जाऊ द्या, काय उगवते ते उपटा, मग पसरा. गाजर गवत उपटताना हातमोजे हवेतच, त्याने अंगावर पुरळ उठते.

काय काढायचे नाही, हे कंत्राटात लिहायला सगळे विसरतात, आणि खरे नुकसान तिथेच होते. चवथीआधी सड्यावर यंत्र फिरते तेव्हा सीतेची आसवे, गेंद, तेरडा नेमके फुलात असतात. टायकिळा, कुर्डू, फागलांचे वेल, कळलावी ही आपली माणसे आहेत, वाढली म्हणून तण होत नाहीत. करवंदाच्या जाळ्या काटेरी दिसतात खऱ्या, पण त्यांच्या सावलीत किंदळ आणि माट्टीची रोपे गुरांपासून वाचून वाढतात. वारुळे फोडू नका. अळमी (रानातली अळंबी) कुठून येतात ते गोवेकरांना आम्ही काय सांगावे. साधा उपाय असा: पहिल्या दिवशी जाणत्या माणसाने पुढे चालत ठेवायच्या झाडांना लाल चिंधी बांधावी आणि कामगारांनी चिंधी नसलेले सगळे न काढता, दाखवलेलीच तणे काढावीत. जाणता माणूस मिळत नसेल तर पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र द्या. आपल्या गावात कोणती झाडे आहेत याची नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे, आणि गावातली एखादी वयस्क बाई त्या नोंदवहीपेक्षाही जास्त जाणते.

उघडी झालेली जागा मोकळी ठेवू नका. त्याच जुलैमध्ये उतारावर धायटी आणि करवंद, तळीकाठी करंज आणि उंडी, खोल माती असेल तिथे जांभूळ, भिरंड, माट्टी लावा. वाहत्या पाण्याच्या रेषेवर वाळ्याची एक ओळ, दोन ठोंबांत वीतभर अंतर ठेवून. रोपांच्या बुडाशी उपटलेल्या रानमोडीचेच आच्छादन. पहिली दोन वर्षे रोपाभोवती हातभर जागा तणमुक्त ठेवली तर पुढे सावली काम करते.

कंत्राटात मग एवढे बदल हवेत. दर चौरस मीटर 'कापणी' ऐवजी १० बाय १० मीटरच्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीचा उपटणीचा दर. पैसे तीन हप्त्यांत: निम्मे जूनच्या फेरीनंतर, उरलेल्यातले बरेचसे ऑक्टोबरनंतर, थोडे नोव्हेंबरच्या फुलांच्या फेरीनंतर. बिल मंजूर करताना चौकटीत उभे राहून पाच ठिकाणी माती उकरून बघायची. गाठ सापडली तर ती चौकट पुन्हा. पहिल्या वर्षी खर्च ग्रासकटरपेक्षा जास्त येईल, ते सभेला आधीच सांगून ठेवा. सगळी जागा झेपत नसेल तर कमी तण असलेला, चांगला भाग आधी घ्या आणि तिथून दाट रानाकडे सरका. समित्यांना सगळ्यात वाईट कोपरा आधी साफ करून दाखवायची घाई असते, आणि तोवर चांगला भाग हातचा जातो. कामगारांना गमबूट आणि हातमोजे संस्थेने द्यावेत, हाताला-पायाला जखम असलेल्याला चिखलात उतरवू नये, आणि कातळाच्या फटीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघायला सांगावे. सड्यावर फुरसे असते, आणि ते पळत नाही.

ज्या संस्थांनी चवथीच्या कापणीचे कंत्राट आधीच देऊन टाकले आहे, त्यांनी ते रद्द करायची गरज नाही. त्याच कंत्राटदाराला बोलावून वाटांचे पट्टे चवथीला ठेवा, टेकडीचे दिवस जूनमध्ये हलवा, आणि पहिला चांगला पाऊस होऊन तीन दिवस झाले की त्याला फोन करा.

आपले,
गोव्यातल्या रानात आणि रोपवाटिकांत काम करणारे काही जण